धागा : जून महिन्यात, एकट्याने, शिडाच्या होडीतून ओलंडच्या बेटांमध्ये

मांडवीकाठ

मृग लागला की आपल्या गोव्यात दर्या बंद होतो. १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते, होड्या काठावर ओढून झावळ्यांखाली आणि निळ्या ताडपत्रीखाली झाकल्या जातात, आणि माझ्यासारखे हौशी शीडवाले आग्वादजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर फुटणाऱ्या लाटा पाहत छत्री सांभाळत उभे राहतात. नेमक्या त्याच दिवसांत साठाव्या अक्षांशावर, स्वीडन आणि फिनलंड यांच्या मधल्या ओलंड नावाच्या द्वीपसमूहात, हिवाळाभर शेडमध्ये ठेवलेल्या होड्या नुकत्याच पाण्यात उतरलेल्या असतात. आपला बंद हंगाम तो त्यांचा पहिला हंगाम, एवढ्या एका हिशेबावर मी यंदा तिकडे गेलो. येथे काही जणांनी सविस्तर लिहिण्याविषयी सुचवले होते, म्हणून हा धागा.

ओलंड हा फिनलंडचा स्वायत्त प्रांत आहे, परंतु तेथील भाषा स्वीडिश आहे. १९२१ साली राष्ट्रसंघाने हा तोडगा काढला, आणि १८५६ पासून ही बेटे लष्करमुक्त आहेत. साडेसहा हजारांहून अधिक बेटांपैकी साठेक बेटांवरच वस्ती आहे, उरलेली खडक, पाइन वृक्ष आणि पक्षी यांची. मी ५ जून रोजी राजधानी मारियेहाम्न येथून निघालो, रोडहाम्नमार्गे दक्षिणेच्या चोकार बेटावर गेलो (नकाशावर ते ‘कोकार’ असे वाचले जाते, मी तसे म्हटल्यावर बंदरातील आजींनी माझा उच्चार तीन वेळा सुधारला), तेथून उत्तरेकडे सोट्टुंगा, कुमलिंगे आणि बोमारसुंड असा वळसा घालून १७ जून रोजी परत आलो. एकूण सुमारे दीडशे सागरी मैल झाले असतील. आपल्याकडे सुकाणू धरलेल्या माणसाला हे अंतर फारसे वाटणार नाही, आणि ते नाहीच.

होडी भाड्याची होती, फोल्कबोट जातीची. १९४२ साली सामान्य माणसाला परवडेल अशी होडी हवी म्हणून भरवलेल्या स्पर्धेतून तिचा आराखडा निघाला. लांबी ७.६४ मीटर, रुंदी २.२० मीटर, पाण्याखालचा भाग १.२० मीटर. शिडे दोनच, दोन्ही मिळून २४ चौरस मीटर, आणि एकूण वजनाचा निम्म्याहून अधिक भाग तळाच्या लोखंडी कीलमध्ये, म्हणजे पाण्याखालच्या उभ्या फाळात, असल्यामुळे अचानक आलेल्या झोताने ती दचकत नाही, सावकाश कलते आणि तेथेच स्थिर राहते. आत मात्र ताठ उभे राहता येत नाही. तेरा दिवस मी तांबड्या तांदळाची पेज गुडघ्यावर बसून शिजवली.

वाट चुकण्याची भीती मला सर्वाधिक होती आणि तीच सर्वांत कमी खरी ठरली. जलमार्गावरील खुणांची पद्धत आपल्यासारखीच आहे, म्हणजे समुद्राकडून बंदरात शिरताना लाल खूण डावीकडे. त्याशिवाय खडकाच्या चारही दिशा दाखवणारे काळे-पिवळे खांब आपल्याकडे क्वचित दिसतात, ते तेथे पावलोपावली आहेत. नकाशावर प्रत्येक आखीव मार्गाची खोली लिहिलेली असते आणि अरुंद ठिकाणी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत ठेवल्या की होडी आपोआप सुरक्षित पाण्यात राहते. उजेडाचा तर प्रश्नच नव्हता. जूनच्या मध्यास सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो, आणि मध्यरात्रीही तो क्षितिजाखाली जेमतेम सहा-साडेसहा अंश असल्याने दिव्याविना नकाशा वाचता येतो. वाराही दिवसा बहुधा समजूतदार असतो. शिवाय बाहेरच्या खडकांनी लाट आधीच मोडलेली असते.

मग अवघड काय? थांबणे. द्वीपसमूहात शीड हाकणे सोपे आहे आणि शेवटचे वीस मीटर कठीण आहेत, हे मी पहिल्या संध्याकाळी शिकलो आणि तेराव्या संध्याकाळीही पुरते शिकलेलो नव्हतो. तेथे निर्जन बेटाशी लागण्याची रीत अशी : बेटाच्या आडोशाला, किनाऱ्यापासून होडीच्या तीन-चार लांबींवर पिछाडीचा नांगर टाकायचा, त्याचा दोर सोडत सोडत नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, सरळ खडकाकडे न्यायची, आणि नाळ खडकाला टेकण्याच्या एक हात आधी दोर घेऊन खडकावर पाय ठेवायचा. मग दोर पाइनच्या बुंध्याला किंवा खडकाच्या भेगेत ठोकलेल्या लोखंडी पाचरीला बांधायचा. दोन माणसे असली तर एक पिछाडीला नांगराचा दोर सोडतो आणि दुसरा नाळेवर उभा राहतो. एकटा माणूस एकाच वेळी होडीच्या दोन टोकांना कसा असणार, हा सगळा प्रश्न आहे. आपल्याकडे आपण वाळूत किंवा चिखलात नांगर टाकतो, होडीला हवी तशी फिरू देतो आणि भरतीला तिचे काम करू देतो. तेथे भरतीच नाही.

जांभा

फार चांगले लिहिले आहे. दोन शंका आहेत. भरती-ओहोटी अजिबात नाही, म्हणजे पाणी खरोखर एकाच पातळीला राहते काय? आणि निर्जन बेटावर कोणाचीही परवानगी न घेता उतरता येते, असे ऐकले आहे. ते खरे आहे काय?

तुर्कूहून

मी मूळचा फोंड्याचा आणि गेली काही वर्षे फिनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर राहतो, त्यामुळे जांभा यांच्या शंकांची उत्तरे मीच देतो आणि मांडवीकाठ यांच्या लेखात थोडी भर घालतो.

बाल्टिक समुद्र डेन्मार्कच्या अरुंद सामुद्रधुन्यांतून महासागराला जोडलेला असल्याने चंद्राची ओढ येथपर्यंत जवळजवळ पोहोचत नाही. तरीही पाणी स्थिर नसते. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने वाढला की पातळी साधारण एक सेंटिमीटर खाली जाते, आणि वारा बरेच दिवस एका दिशेने वाहिला तर पाणी एका बाजूला साठते. म्हणजे उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांचे पंचांग येथे वायुदाबमापकावर लिहिलेले असते. चांगल्या हवेचे दिवस सुरू झाले की दाब चढतो आणि नेमक्या तेव्हाच काल बुडालेला खडक आज टोक वर काढतो. नवखे येथे फसतात, कारण आकाश स्वच्छ असते.

याहून विलक्षण गोष्ट अशी की जमीन स्वतःच वर येत आहे. हिमयुगातील बर्फाच्या भाराने दबलेला हा भूभाग अजून उसळतो आहे, ओलंडच्या परिसरात वर्षाला सुमारे अर्धा सेंटिमीटर, आणि उत्तरेस बोथनियाच्या आखातात त्याहून बराच जास्त. हजार वर्षांपूर्वी समुद्र येथे आजच्यापेक्षा पाचेक मीटर वर होता. ज्यांना आज कुरणे म्हणतात त्यांतील कित्येक जुनी बंदरे आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या मोजणीतून एखाद्या कोपऱ्यातील खोली नकाशावर उतरलेली असेल तर तेथे आज अर्धा मीटर पाणी कमी आहे असे धरावे.

उतरण्याच्या हक्काविषयी : स्वीडनमध्ये आणि फिनलंडच्या मुख्य भूमीवर निसर्गात मुक्त संचाराचा हक्क फार व्यापक आहे, मात्र ओलंडमध्ये तो त्या मानाने मर्यादित आहे. वस्तीजवळ लागू नये, आग पेटवू नये, आणि जेथे पक्ष्यांसाठी उतरण्यास बंदी असल्याची पाटी आहे तेथे नांगरसुद्धा टाकू नये. जूनचा आरंभ हा नेमका अंडी उबवण्याचा काळ. आयडर बदकाची मादी माणूस पाहून घरटे सोडून गेली की वर घिरट्या घालणाऱ्या कुरवांना अंडी आयती मिळतात. आर्क्टिक सुरय मात्र पळत नाही, ती सरळ डोक्यावर चोच मारते. अंटार्क्टिकापासून उडत आलेल्या पक्ष्याचा हा हक्क मी तरी मान्य केला आहे आणि टोपी घालून फिरतो.

अजून एक. गोचिडींपासून होणाऱ्या मेंदूज्वराची लस घेतल्याशिवाय येथे येऊ नये. या रोगाला स्थानिक बोलीत ‘कुमलिंगेचा रोग’ असे नाव आहे आणि मांडवीकाठ त्याच कुमलिंगे बेटावर जाऊन आले आहेत.

मांडवीकाठ

लस घेतली होती. गवतातून चालताना पायमोजे विजारीवर चढवत होतो. त्या वेषातले छायाचित्र घरी कोणालाही दाखवलेले नाही.

भांगाची भरती

मी वास्कोचा. व्यापारी जहाजांवर तेहतीस वर्षे काढली आणि त्यातील काही वर्षे बाल्टिकमध्ये. धागा वाचून आनंद झाला, परंतु कौतुकाच्या ओघात एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून बोलतो.

समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचवा नियम सांगतो की प्रत्येक जहाजाने सदासर्वकाळ डोळ्यांनी आणि कानांनी योग्य पहारा ठेवला पाहिजे. त्यात होडीच्या लांबीची सूट नाही आणि एकट्या माणसासाठी सूट नाही. स्टॉकहोमहून तुर्कू आणि हेलसिंकीकडे जाणाऱ्या प्रचंड फेरीबोटी मारियेहाम्नला थांबतात, कारण ओलंड युरोपीय संघाच्या करक्षेत्राबाहेर असल्याने तेथे थांबले तर जहाजावर करमुक्त विक्री करता येते. या जहाजांना अरुंद मार्गात वळायला जागा नसते, आणि त्यांच्या सुकाणूकक्षातून एक पांढरे शीड पांढऱ्या धुक्यात दिसते की नाही, ते मी सांगू शकतो. दिसत नाही. आरंभीच्या उन्हाळ्यात उबदार हवा थंड पाण्यावर सरकली की धुके बसते, हे मांडवीकाठ यांनी लिहिलेले नाही.

आणि पाण्याचे तापमान. आपला समुद्र अठ्ठावीस-तीस अंशांचा, पडलात तर पोहून याल. तेथे जूनच्या पहिल्या आठवड्यात आठ ते बारा अंश असते. पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही, सुमारे दहा मिनिटांत बोटे कामातून जातात, आणि तासाभरात शुद्ध हरपू लागते. एकटा माणूस पडला आणि होडी पुढे गेली, तर दहा मिनिटे कशाला पुरणार? दोनदा सांगावे लागू नये : माझ्या मते ही धाडसाची नव्हे, हिशेबाची चूक आहे.

शिवोलीची लेक

काकांचा राग समजतो, परंतु गोव्यात बसून एकट्याने शीड हाकण्याला चूक म्हणणे मला जरा कठीण वाटते. दिवाडीला बांधलेली म्हादेई घेऊन कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये पृथ्वीला एकट्याने प्रदक्षिणा घातली, त्याच होडीतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता घातली, आणि तारिणीतून दिलना आणि रूपा या नौदलाच्या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघून २९ मे २०२५ रोजी गोव्यातच परतल्या. मग बेटाबेटांतून तेरा दिवस फिरणाऱ्या माणसाने काय गुन्हा केला?

माझा स्वतःचा प्रश्न वेगळा आहे. आमच्या शिवोलीत २४ जूनला सांजांव असतो, डोक्यावर फुलांचा कोपेल, नदीत सजवलेल्या होड्यांचे सांगोड. त्याच संत जॉनच्या सणाला उत्तरेकडे मिडसमर म्हणतात असे वाचले आहे. तुम्ही १७ जूनलाच का परतलात?

भांगाची भरती

मुली, महासागर आणि द्वीपसमूह यांतील फरक लक्षात घे. म्हादेईच्या आसपास शेकडो मैल पाणी होते. तेथे माणूस वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांनी झोपू शकतो. बेटांमध्ये वीस मिनिटांत होडी खडकावर असते.

मांडवीकाठ

काका, तुमचा हा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याच्याच दुसऱ्या बाजूवर माझी सगळी सफर उभी होती. होडी चालू असताना बेटांमध्ये झोप घेताच येत नाही, पण रोज रात्री थांबता येते. म्हणून मी दिवसाला सहा तासांहून जास्त चाललो नाही, उजेड असतानासुद्धा. हा उजेडच धोकेबाज आहे : थकलेल्या माणसाला संध्याकाळ झाली असे सांगणारे बाहेर काहीच नसते. दुसऱ्या दिवशी मी घड्याळ पाहिले तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि मी आणखी एक बेट पार करण्याच्या विचारात होतो.

धुके मला एकदाच भेटले, रोडहाम्न आणि चोकार यांच्या दरम्यान, दोन उबदार दिवसांनंतर दक्षिणेचा मंद वारा आला तेव्हा. मी जहाजांच्या मार्गापासून बाजूला, पाच मीटर पाण्यात, एका लहान खडकामागे नांगर टाकला आणि तीन तास घंटा वाजवत बसलो. रेडिओ संकटाच्या हाकांसाठीच्या सोळाव्या चॅनेलवर चालू होता. शौर्याचा भाग इतकाच. पडण्याविषयी म्हणाल तर हार्नेसचा पट्टा मी होडीच्या मधोमध बांधलेल्या दोराला कायम अडकवलेला ठेवत असे आणि तो इतका आखूड केला होता की पडलोच तरी काठावर लोंबकळेन, पाण्यात जाणार नाही. पट्टा एकाच वेळी सुटायचा : नाळेवरून खडकावर पाय ठेवताना. म्हणजे पुन्हा तेच शेवटचे वीस मीटर.

आता माझी चूक सांगतो, कारण काकांच्या आक्षेपाला खरे उत्तर तिच्यातच आहे. सातव्या दिवशी सोट्टुंग्याच्या पूर्वेला एका निर्जन बेटाशी मी लागत होतो. वारा नैर्ऋत्येचा, हलका, बेटामुळे अडलेला. नांगर टाकला, इंजिन मंद ठेवले, नाळेकडे निघालो, आणि नांगराचा दोर कॉकपिटमधील खुंटीला अडकून होडी खडकापासून दीड मीटरवर थांबली. दीड मीटर म्हणजे उडी मारण्याजोगे अंतर. मांडवीत जेटीवर मी अशा उड्या शंभर वेळा मारल्या आहेत. येथे खडक पाण्याच्या रेषेवर हिरव्या शेवाळाने माखलेला होता. मी उडी मारली नाही, हे शहाणपण म्हणण्यापेक्षा आदल्या दिवशी बंदरात पाय बुडवून पाहिला होता त्या थंडीची आठवण म्हणावी. मागे जाऊन दोर सोडवेपर्यंत नाळ वाऱ्याने आडवी झाली आणि होडीची कड खडकावर हातभर घासली गेली.

दुसऱ्या प्रयत्नात लागलो, जेवलो, निजलो. पहाटे अडीचला वारा फिरून उत्तरेचा झाला, म्हणजे थेट पिछाडीवर. तळाशी पातळ चिखल आणि त्याखाली हिमनदीने घोटलेला गुळगुळीत खडक असल्याने नांगर घसरू लागला आणि नाळ खडकावर आपटू लागली. त्या आवाजाने जाग आली. कसा तरी इंजिन चालू करून मी मागे हटलो, पण नाळेचा दोर पाइनला गाठ मारून बांधलेला होता आणि तो सोडायला खडकावर जावे लागले असते. शेवटी सुरीने कापला. बाकीची रात्र मोकळ्या पाण्यात आडव्या-उभ्या फेऱ्या मारत काढली, लोकरी टोपी आणि अंगावर लुंगी अशा थाटात. भाडेकरारातील अनामत रकमेचा काही भाग त्या घासलेल्या कडेपायी गेला, आणि तो जायलाच हवा होता.

त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. नांगराच्या दोरावर हव्या त्या लांबीला आधीच गाठ मारून तो एका बाजूच्या खुंटीवर असा फिरवला की होडी खडकापासून हातभर अंतरावर आपोआप थांबेल. मग मला पिछाडीला असण्याची गरज उरली नाही. झाडाला गाठ मारायचे सोडले. दोर बुंध्याभोवती फिरवून त्याचे टोक परत होडीवर आणले, म्हणजे होडीतूनच सोडता येईल. आणि रात्री वारा कोणत्या दिशेला फिरण्याचा अंदाज आहे ते पाहूनच बेटाची बाजू निवडली, भले ती कमी सुंदर असो.

तुर्कूहून

बाजू निवडण्याविषयी एक भर. बर्फ उत्तर-वायव्येकडून सरकत आला, म्हणून येथील बहुतेक खडक त्या बाजूला घोटीव आणि उतरते असतात, तर दक्षिणेच्या बाजूला तुटलेले आणि खडे. पाण्याच्या वर जसा उतार दिसतो तसाच तो खाली चालू राहतो. घोटीव बाजूला नाळ लागण्याआधी कील लागते. खड्या बाजूला पाणी कडेपर्यंत खोल असते. स्वीडनच्या किनाऱ्यावर तेथील क्रूझिंग क्लबने, म्हणजे १९२३ साली स्थापन झालेल्या संस्थेने, सभासदांना होडी बांधण्यासाठी निळे तरंगते बॉये बसवले आहेत. एकट्यासाठी ती मोठी सोय आहे.

मांडवीकाठ

शिवोलीच्या ताईंचा प्रश्न राहिला. मिडसमर २० ते २६ जूनमधल्या शनिवारी येतो आणि त्या आठवड्यात प्रत्येक बंदर भरून जाते. एकट्या माणसाला लागण्यासाठी दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते, म्हणून गर्दीआधी परतलो. जूनच्या आरंभी बंदरांत जागाच जागा असते. बदल्यात दुकाने अर्धवट उघडी आणि स्नानगृहात पाणी थंड. पण सणाच्या खुणा पाहिल्या. ओलंडमध्ये मिडसमरचा खांब वर्षभर उभाच ठेवतात, मागच्या वर्षीची पाने गळालेला, आडव्या काठ्यांवर छोटी गलबते आणि टोकावर एक लाकडी माणूस. आपल्या सांगोडाची आठवण झाली हे खरे.

तुमच्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी : बंदरांत एकट्या फिरणाऱ्या दोन बाया मला भेटल्या, एक सत्तरीच्या होत्या. दोर कापल्याची हकीकत त्यांना सांगितली तेव्हा त्या हसल्या नाहीत. स्वतःच्या होडीवरचा, कापून पुन्हा जोडलेला दोर दाखवला.

भांगाची भरती

लुंगीचा भाग वाचून माझी सौ. मोठ्याने हसली. हिशेबाची चूक हे शब्द मागे घेत नाही, पण हिशेब तुम्ही मांडला होता एवढे मान्य करतो. पुढच्या वेळी जाण्याआधी पिछाडीच्या नांगराचा सराव येथेच करा, तोही दुसरा माणूस गप्प बसवून. मी येतो गप्प बसायला.

जांभा

आमच्या चोडणच्या घरामागे जांभ्या दगडाचा जुना धक्का आहे, खालून खोल. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी सगळे या. वेळ मात्र कोष्टक पाहून ठरवू, कारण ओहोटीला तेथे गुडघाभर चिखल असतो.

मांडवीकाठ

कोष्टक मी पाहतो. काका, तुम्ही खुर्ची आणा.